पानभर ‘अ’ आणि तीन वर्षांचा हात

महोदय,

जून तोंडावर आला की वह्यापुस्तकांच्या दुकानांत अक्षरे गिरवायच्या पुस्तिकांचे ढीग लागतात. बालवाडीच्या पहिल्या पालकसभेत पहिला प्रश्नही ठरलेला असतो, ‘लिहायला कधी घेणार?’ त्याला जोडूनच, ‘पलीकडच्या शाळेत तर नर्सरीतच ज्ञपर्यंत झालं.’ आम्ही बालवाडीत शिकवणाऱ्या आणि लहान मुलांच्या हातांच्या हालचालींवर काम करणाऱ्या काहीजणी आहोत. तीन ते सहा या वयात लिहायला बसवताना नेमके काय बिघडते आणि त्याऐवजी काय करता येते, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

आधी वयाचा हिशेब. आपल्याकडे नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण होणे पुरते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये वर्गात येते तेव्हा अडीच वर्षांचे असते आणि त्याच्या शेजारी बसलेले जानेवारीतले मूल जवळजवळ साडेतीनचे. या वयात वर्षभराचा फरक फार मोठा. तरी दोघांच्या हातात एकच पेन्सिल आणि पुढ्यात एकच पान असते.

मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक अशा ऊतीची असतात आणि एकेक करून टणक होत जातात. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक झालेली असतात, शेवटचे आठ ते बाराच्या दरम्यान. मोबाइलवर फिरणारे ते क्ष-किरणांचे चित्र बहुतेकांनी पाहिले असेल, तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात मोठाल्या पोकळ जागा आणि खाली ‘म्हणून लिहायला लावू नका’ असा मजकूर. निष्कर्ष बरा आहे, कारण मात्र अर्धवट आहे. त्या जागा रिकाम्या नसतात. तिथे कूर्चा असते, ती क्ष-किरणांत दिसत नाही इतकेच. खरी अडचण ताब्याची असते. लिहिण्यासाठी खांदा आणि कोपर स्थिर राहून फक्त बोटे हलावी लागतात, आणि ताबा येतो तो खांद्याकडून बोटांकडे. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि अख्खा हात खांद्यापासून फिरवते. दोन-तीनच्या सुमारास बोटे खडूवर येतात पण तळवा खालीच असतो, मनगट वळत नाही. साडेतीन-चारला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ही चिमटीची पकड दिसू लागते, मात्र हलतो अजून सगळा पंजाच. बोटांच्या पेरांतून पेन्सिल हलवणे साडेचार ते सहाच्या दरम्यान कधीतरी जमते. मुठीने पेन्सिल धरणाऱ्या मुलाला दुरेघी वहीच्या ओळीत अक्षर बसवायला लावले की ते बसवतेही. त्यासाठी अंगठा पेन्सिलीवरून गुंडाळून घेते, नखाचे टोक पांढरे पडेपर्यंत दाबते, कागद फाडते. ती पकड मग चौथीपर्यंत सुटत नाही.

आकारांचाही एक क्रम आहे. उभी रेघ दोनच्या आसपास जमते, आडवी त्यानंतर, गोल तीनला, अधिक चिन्ह चारला, चौकोन साडेचारच्या पुढे. तिरपी रेघ, फुली आणि त्रिकोण सगळ्यांत शेवटी, पाचच्या आगेमागे. आता ‘अ’ पाहा. दोन अर्धगोल एकाखाली एक, मधल्या टोकाला आडवी दांडी, मग उभा दंड, वर शिरोरेघ. एकाच अक्षरात वळणाची दिशा दोनदा बदलते आणि पेन्सिल निदान दोनदा उचलावी लागते. ज्याला अजून चौकोनाचे कोपरे जमत नाहीत, त्याला आपण सुरुवात इथून करून देतो. का, तर वर्णमालेत ते पहिले आहे म्हणून. म्हणायचा क्रम आणि लिहायचा क्रम एकच असला पाहिजे असे कोणी सांगितले?

पानभर ‘अ’ची वही भरताना मूल जरा जवळून पाहिले तर सगळे कळते. वर बाईंनी काढलेले अक्षर. पहिल्या ओळीतले पहिले दोन बऱ्यापैकी त्यासारखे. तिसऱ्यापासून खालचा अर्धगोल फुगायला लागतो. दुसऱ्या ओळीत मधली दांडी दंडाला टेकत नाही. चौथ्या ओळीत दंड आधी आणि पोट नंतर, तेही खालून वर. शेवटच्या ओळीत ‘अ’ नसतोच, एक ३ आणि त्याच्यापासून लांब उभी काठी असते. हे आळसाने होत नाही. मूल वरचा नमुना पाहत नसते, ते स्वतःच्या आधीच्या ओळीतले पाहून काढत असते. त्यामुळे प्रत्येक ओळीत चूक पुढे सरकते आणि थोडी वाढते. दहा ओळींच्या गृहपाठात दोन ओळी सराव अक्षराचा होतो आणि आठ ओळी चुकीचा. शिवाय काही मुले आधी सगळ्या चौकटींतले दंड काढून घेतात, मग सगळी पोटे, मग सगळ्या शिरोरेघा. पान लवकर संपते. बुद्धी चांगली चालते म्हणायची, पण अक्षर लिहिणे त्यात कुठेच नसते.

ठिपके जोडून अक्षर काढायच्या पानांचेही असेच. ठिपक्यांना सुरुवात कुठे हे दिसत नाही, दिशा दिसत नाही. मूल एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाते, थांबते, पुन्हा निघते, त्यामुळे ‘व’चे पोट गोल न होता सात-आठ तुकड्यांचे होते. पान पूर्ण दिसते आणि पालक खूश होतात. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. अजून वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना त्यांनी काही अक्षरे पाहून हाताने काढायला दिली, काही गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला. नंतर तीच अक्षरे पाहताना मुलांच्या मेंदूचे चित्रण केले. वाचनाशी संबंधित भाग ठळकपणे कामाला लागला तो स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांबाबत, गिरवलेल्या किंवा दाबलेल्या अक्षरांबाबत तसा नाही. गिरवणे टाकाऊ नाही. रस्ता दाखवण्यापुरते दोन-तीनदा बोटाने गिरवावे, आणि लगेच आधार काढून घेऊन नुसते पाहून काढू द्यावे, वेडेवाकडे का होईना.

मग साडेचार-पाचपर्यंत करायचे काय? हात तयार करायचा. त्याला लागणारे बहुतेक सामान स्वयंपाकघरात असते. मटार सोलणे, शेंगा फोडणे, कणकेच्या गोळ्या आणि वळ्या करणे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणे. चिमटा दाबायला तीच तीन बोटे लागतात जी पुढे पेन्सिल धरणार आहेत. फक्त चिमटा नवा आणि घट्ट नसावा, नाहीतर मूल तो मुठीने दाबते आणि उद्देशच जातो. कागद फाडायला द्यावा, कापायला नंतर. आधी वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या (हा आपल्या अंकाचा दुसरा उपयोग), मग छोटे तुकडे, मग त्यांच्या चिमटीने केलेल्या गोळ्या. कात्री साडेतीनच्या पुढे, बोथट टोकाची, आणि अंगठा वर राहतोय ना हे पाहून. मणी ओवायला तीनच्या आतल्या मुलांना नकोतच, तोंडात जातात. पुढे द्यावेत ते मोठ्या भोकाचे, आणि दोऱ्याचे टोक मेणाने किंवा चिकटपट्टीने कडक करून. टोक मऊ राहिले की मूल दोन मिनिटांत कंटाळते आणि आपण म्हणतो याला एकाग्रता नाही.

रांगोळीची चिमूट हा तर आपल्या घरचा उत्तम सराव. अंगठा आणि दोन बोटांमधून पूड सोडत रेघ ओढायची म्हणजे पकड सैल-घट्ट करायला शिकणेच. पण बाजारातली रांगोळी म्हणजे दगडाची बारीक भुकटी, ती नाकाडोळ्यांत जाते. लहानांसाठी तांदळाचे पीठ घ्यावे, थोडे जाडसर दळलेले. फार बारीक असले की बोटांना चिकटते आणि रेघ तुटते.

उभ्या पृष्ठभागावरचे काम आम्हाला फार महत्त्वाचे वाटते आणि तेच सर्वांत कमी होते. भिंतीला मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर मोठा कागद लावावा, किंवा जमिनीपासून साधारण ६० सेंमीपासून ११० सेंमीपर्यंत काळ्या रंगाचा पट्टा मारून घ्यावा. अंगणवाडीत हा खर्च फार नाही. उभे राहून भिंतीवर काढताना मनगट आपोआप मागे झुकते, खांदा काम करतो आणि बोटे मोकळी होतात. कागद टेबलावर आडवा ठेवला की नेमके हेच घडवून आणायला कष्ट पडतात. खडू नसेल तर पाणी आणि इंचभर रुंदीचा ब्रश घेऊन फरशीवर किंवा दगडी पायरीवर. रेघ वाळते, पुन्हा काढायची, खोडरबराचा प्रश्नच नाही.

खडूचे आणि मेणखडूचे तुकडेच द्यावेत, दोन-अडीच सेंमीचे. अख्खा खडू मुठीत धरता येतो, तुकडा धरता येत नाही, तिथे चिमटी करावीच लागते. पकड सुधारायला पेन्सिलीवर रबरी नळकांडी चढवण्यापेक्षा हे स्वस्त आणि जास्त परिणामकारक. अनामिका आणि करंगळी उघडी राहत असतील तर त्यांच्याखाली कागदाचा बोरापेक्षा लहान बोळा धरायला सांगावा. पाटीही चांगली, पण दगडाची. पेन्सिल तिच्यावर घासते आणि त्या घासण्यातून हाताला कळते की आपण कुठे चाललो. प्लॅस्टिकच्या आणि विजेरी पाट्या गुळगुळीत असतात, त्यावर हात घसरतो आणि मूल तो थांबवायला जोर लावते. पाटीवरची पेन्सिल खाणारी मुले दिसतात तेव्हा नुसते दटावू नये, रक्तातील लोह तपासून घ्यावे. माती-खडू खाण्यामागे बरेचदा तीच कमतरता असते.

अक्षरांकडे वळण्याआधी एक साधी पारख आहे. मूल गोल, अधिक, चौकोन आणि तिरपी रेघ नमुना पाहून काढते का? एकच हात पुन्हा पुन्हा वापरते का? डावीकडून उजवीकडे रेघ नेताना मध्यावर आल्यावर खडू दुसऱ्या हातात तर घेत नाही? हे जमत असेल तर अक्षरे घ्यावीत. त्रिकोण जमत नसेल तर ‘र’च्या शेपटीत आणि ‘झ’मध्ये अडकणारच, ती मागे ठेवावीत.

घ्यायची ती वर्णक्रमाने नव्हे, घडणीने. ग, म, भ, न ही आपल्याकडची जुनी वाट मुद्दाम ठरवलेली आहे. दंड सगळ्यांत समान, आणि टोकाची गाठ एकदा साधली की चारही येतात. दुसरे कुटुंब ट, ठ, ढ, द. वरून आखूड देठ, मग डावीकडे जाऊन खालून फिरणारे वळण. ‘ट’ला ते उघडे सोडायचे, ‘ठ’ला पूर्ण मिटवायचे. तिसरे व, ब, क. पोट आणि दंड, ‘ब’ला आत तिरपी रेघ, ‘क’ला उजवीकडे शेपूट. दिसायला सारखी पण वाचताना गोंधळ करणारी अक्षरे मात्र एका आठवड्यात घेऊ नयेत : घ आणि ध, म आणि भ, थ आणि य. ‘म-भ’ वरच्याच कुटुंबात आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ग, न, म पक्के झाल्यावर मध्ये दोन आठवडे दुसरे काही घ्यावे आणि मग ‘भ’, त्यातही त्याच्या डोक्यावरची शिरोरेघ तुटलेली असते हे बोटाने दाखवून. ‘ध’ आणि ‘थ’चेही तेच. मुले ही रेघ जोडून टाकतात आणि ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’.

काढण्याची शिस्त थोडक्यात अशी : डावीकडचा भाग आधी, दंड नंतर आणि नेहमी वरून खाली, शिरोरेघ सर्वांत शेवटी डावीकडून उजवीकडे. शब्द लिहू लागल्यावर शिरोरेघ अख्ख्या शब्दाला एकदम. दंड खालून वर काढायची सवय फार मुलांना लागते. अक्षर पूर्ण झाल्यावर ती दिसत नाही, म्हणूनच लिहून झालेले पान तपासून काही कळत नाही. लिहिताना हात पाहावा लागतो. वीस मुलांच्या वर्गात एका वेळी चारांपेक्षा जास्त मुलांना लिहायला बसवू नये, ते याच कारणाने.

खरखरीत अक्षरे घरी किंवा वर्गात करता येतात. १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर घ्यावा (६०चा बोटाला टोचतो), त्यावर मागच्या बाजूने अक्षर उलटे आखून कापावे, म्हणजे पुढून सुलटे येते. हे विसरले की पहिला कागद वाया गेलाच. उंची १० ते १२ सेंमी, पट्टीची रुंदी सेंटिमीटरभर. जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवावे, नाहीतर कडा उचलतात. सुरुवातीच्या जागी लाल टिकली लावावी. मुलाने तर्जनी आणि मधले बोट जोडून फिरवायचे, अक्षराचा आवाज म्हणत. त्यानंतर लगेच धूळपाटी : मोठ्या ताटात किंवा ट्रेमध्ये गडद कागद घालून वर चाळलेली कोरडी वाळू, अर्धा सेंमी, जास्त नाही. थर जाड झाला की बोटामागे कडा ढासळून रेघ बुजते आणि तळाचा रंग दिसतच नाही. वाळूऐवजी रवा सुचवतात, पण पावसाळ्यात त्याला आधी ओल आणि मग मुंग्या लागतात.

कागद येतो तो त्यानंतर, आणि कोरा. ओळी नकोत, दुरेघी तर नकोच. हवे तेवढे मोठे काढू द्यावे. अक्षराचा आकार स्वतःहून चार-पाच सेंमीवर स्थिरावला की तीन सेंमी अंतराच्या दोन रेघा आखून द्याव्यात, मग हळूहळू कमी करत बाजारातल्या वहीपर्यंत. एका ओळीत लिहिले की एक ओळ सोडायची, नाहीतर पुढे काना-मात्रा-उकार येतात तेव्हा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. पेन्सिल जाड, त्रिकोणी, २बी, सात-आठ सेंमी लांबीची. नवी लांब पेन्सिल असेल तर सरळ कापून दोन कराव्यात. बसणे जमिनीवर चालते, पण वही मांडीवर नको. पुढे पाट किंवा उतरती फळी हवी, कोपर टेकता येईल इतक्या उंचीची. खुर्ची असेल तर पाय टेकले पाहिजेत. लोंबकळते पाय असलेले मूल सगळा तोल हातांवर घेते. वेळ पाच ते दहा मिनिटे, अक्षर एकच, वेळा पाच-सहा, आणि त्यातले सर्वांत चांगले कोणते ते मुलानेच गोल करून सांगायचे.

डावखुऱ्यांचा हात बदलू नये, हे आता बहुतेक पालकांना पटलेले आहे. पण पुढचे कोणी सांगत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून डावा हात नमुना झाकतो. नमुना ओळीच्या उजव्या टोकालाही काढून द्यावा. कागद शरीराच्या मध्यापेक्षा थोडा डावीकडे, वरचे टोक उजवीकडे झुकवून. पेन्सिल टोकापासून तीन सेंमी वर धरू द्यावी, म्हणजे लिहिलेले दिसते आणि मनगट आकड्यासारखे वळत नाही. शिरोरेघ कोणी उजवीकडून डावीकडे ओढली तर ओढू द्यावी, रेघ सरळ येण्याशी मतलब. उलटी अक्षरे काढण्याबद्दलही घाबरू नये. सहा-सात वर्षांपर्यंत ती येतात-जातात. त्यानंतरही बरीच राहिली तर मात्र दाखवून घ्यावे.

यात नवे असे काही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला १९४५ नंतरच्या काळात परिसरातल्या बिया, शंखशिंपल्या, पाने यांचीच साधने केली. २०२० चे शैक्षणिक धोरण तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानते, आणि ऑक्टोबर २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडाही खेळ आणि हाताळणी यांवरच उभा आहे. कागदावर सगळे ठीक आहे. बालवाडीच्या वर्गात मात्र शाळेची जाहिरात वहीच्या पानांनीच होते, कारण मटार सोललेले घरी दाखवता येत नाहीत. शाळांनी पालकांना वहीऐवजी महिन्यातून एकदा मूल काम करताना दाखवावे, वीस मिनिटे पुरतात.

पुस्तिका छापणाऱ्यांबद्दलही एक तक्रार आहे. अनेक पुस्तिका हिंदीसाठी केलेल्या असतात आणि फक्त शब्द बदलून मराठी म्हणून विकल्या जातात. त्यात ‘ल’ दंडाचा असतो, ‘श’ वेगळा असतो, ५, ८, ९ हे अंकही हिंदी वळणाचे असतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला आहे, पाठ्यपुस्तकांत तोच येतो. पाच वर्षांच्या मुलाने एक ‘ल’ शिकून वर्षभरात दुसरा शिकायचा, हा भार विनाकारण आहे. पालकांनी पुस्तिका विकत घेण्याआधी एवढी दोन अक्षरे उघडून पाहिली तरी निम्म्या पुस्तिका दुकानात परत जातील.

आपल्या वृत्तपत्रासह सगळ्याच मराठी वृत्तपत्रांच्या बालपुरवण्यांना एक विनंती. गिरवायची चौकट छापायची असेल तर ठिपक्यांची छापू नये. पोकळ, जाड कडांचे एकच अक्षर, निदान सहा सेंमी उंच, सुरुवातीला भरीव ठिपका, प्रत्येक रेघेला क्रमांक आणि बाण, शेजारी तेवढीच कोरी जागा, आणि ‘ल’, ‘श’ तपासून घेतलेले. वर्तमानपत्राचा कागद पेन्सिलीने फाटतो, तेव्हा चौकटीखाली बारीक अक्षरांत ‘बोटाने किंवा मेणखडूने’ एवढे छापले तरी चालेल.

– बालवाडी शिक्षिका आणि बालव्यवसायोपचार क्षेत्रात काम करणाऱ्या काहीजणी, पुणे